राजा रत्नागिरीत, सिंहासन रंगूनला

बालमित्रांनो, तुमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या वेळचं एखादं लाकडी सामान आहे का हो? माजघरातला झोपाळा, पितळी कड्यांची पेटी, नाहीतर बसलं की कुरकुरणारी आरामखुर्ची? असेल तर तिच्याबद्दल घरात एखादी गोष्टही असणारच. "ही खुर्ची तुझ्या पणजोबांनी करून घेतली बरं का," असं आजी हमखास सांगते. मग ती खुर्ची नुसती खुर्ची राहत नाही. तिच्यावर पाय ठेवला तर ओरडा बसतो!

आज मी तुम्हांला अशाच एका पिढीजात आसनाची गोष्ट सांगणार आहे. ते आसन होतं ब्रह्मदेशच्या राजांचं. ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. आता गोष्ट ब्रह्मदेशची असली, तरी ती ऐकायला तुम्हांला विमानात बसायला नको. एसटीनं रत्नागिरीला या, स्टँडवरून रिक्षा करा आणि सांगा, "थिबा पॅलेस." पाच-दहा मिनिटांत तुम्ही दारात.

आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती. लांबूनच तो तीन मजली लालसर राजवाडा दिसला आणि मुलं गप्प झाली. (हे क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम सांगते.) बांधकाम आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाचं, पण घाट मात्र निराळा. उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, त्यांना रंगीत काचा. आत लाकडी जिने आणि उंच उंच दालनं. ऊन आलं की जमिनीवर रंगांचे तुकडे सांडतात. सध्या तिथं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे.

एक चुणचुणीत मुलगा सगळी दालनं भराभर बघून आला आणि म्हणाला, "बाई, राजा बसायचा कशावर? सिंहासन कुठंय?"

प्रश्न अगदी योग्य होता. राजवाडा आहे, राजाही इथंच होता. मग सिंहासन?

त्यासाठी थोडं मागं जाऊ या. थिबाचा जन्म १८५९ सालचा, मंडालेचा. मंडाले ही ब्रह्मदेशची राजधानी. वडील मिंडॉन राजे १८७८ मध्ये वारले आणि थिबा गादीवर आला. तेव्हा तो विशीचाही नव्हता. त्याची राणी सुपयालत मोठी करारी. राज्यकारभारात तिचा शब्द चाले. पुढच्याच वर्षी राजवाड्यात एक फार वाईट गोष्ट घडली. गादीवर हक्क सांगू शकतील अशा भाऊबंदांना, राजपुत्रांना आणि राजकन्यांना ठार मारण्यात आलं. कोणी म्हणतं, हे राणीच्या आईनं करवलं, राजाला पुरतं ठाऊकही नव्हतं. पण राजा तो होता, हेही खरंच ना? रत्नागिरीत थिबाची हळहळ वाटते, तशी ती मलाही वाटते. पण त्या मेलेल्या मुलांचा विसर पडू नये, म्हणून हे सांगितलं.

आता त्या सिंहासनाकडे वळू. सिंहासन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? सोन्याची मोठ्ठी खुर्ची, तिला हात, पाठ आणि मखमली गादी. बर्मी सिंहासन तसं नसतं. ते असतं उंच ओट्यासारखं आणि त्याच्या मागं नक्षीदार चौकट. दरवाजाच म्हणा ना! राजा पुढून चढायचाच नाही. मागच्या बाजूच्या पायऱ्यांनी तो वर यायचा, दार उघडायचं, आणि खाली वाकून बसलेल्या दरबाऱ्यांना राजा एकदम उंचावर दिसायचा. मग तो त्या ओट्यावर बैठक मारायचा.

मंडालेच्या राजवाड्यात अशी एकूण नऊ आसनं होती. त्यांची नावं ऐका. सिंहासन, हंसासन, गजासन, शंखासन, भ्रमरासन, मृगासन, मयूरासन, पद्मासन. सगळे शब्द ओळखीचे वाटले ना? बौद्ध धर्माबरोबर पाली भाषा तिकडे गेली आणि तिच्यातून हे शब्द तिथं रुजले. बर्मी माणूस सिंहासनाला 'थिहाथना' म्हणतो, एवढाच फरक. आसनं नऊ आणि नावं आठच कशी, असं कोणी मोजून विचारील. तर सिंहासनं दोन होती. एक मोठ्या दरबारात आणि एक मंत्रिमंडळाच्या सभागृहात. आपली गोष्ट त्या दुसऱ्या सिंहासनाची.

प्रत्येक आसनाचं लाकूड ठरलेलं असे. सिंहासनाला लागे 'यमने' नावाच्या झाडाचं लाकूड. हे यमने म्हणजे कोण? आपली शिवण! कोकणातल्या मुलांनी ते झाड नक्की पाहिलेलं असणार. हृदयाच्या आकाराची मोठी पानं, उन्हाळ्यात पिवळी-तपकिरी फुलं आणि लाकूड फिकट पिवळसर, हलकं, कोरायला सोपं. त्या लाकडातून बर्मी कारागिरांनी वेलबुट्टी, देवता आणि खालच्या कोनाड्यांतून ओळीनं छोटे छोटे सिंह कोरले आणि वरून सोन्याचा मुलामा दिला. मी काही यांगूनला जाऊन ते पाहिलेलं नाही. पण त्याचं छायाचित्र मी वर्गात दाखवलं, तेव्हा एका मुलीनं सगळे सिंह बोटानं मोजायला घेतले आणि मधली सुट्टी झाली तरी तिचं मोजणं चालूच!

हे सिंहासन घडवलं गेलं १८१६ साली, बोडवपया राजाच्या काळात. बोडवपया हा थिबाचा खापरपणजोबा. म्हणजे मिंडॉन त्याचे वडील, थारावडी त्याचे आजोबा, त्यांचे वडील पणजोबा आणि त्यांचे वडील बोडवपया. पणजोबा मात्र युवराज असतानाच वारले, त्यांना राज्य मिळालंच नाही. शिवाय वाटेत भावानं भावाला दूर सारून गादी बळकावली, असंही दोनदा झालं. वारसा म्हणजे नेहमी प्रेमानं हातातून हातात दिलेली वस्तू असते, असं समजू नका. पण माणसं बदलली, भांडली, तरी सिंहासन मात्र त्याच घराण्यात राहिलं. मिंडॉन राजानं १८५७ मध्ये मंडाले वसवायला घेतलं, तेव्हा अमरपुराचा लाकडी राजवाडा सुटा करून, तुळया-खांब वाहून नेऊन तो पुन्हा नव्या राजधानीत उभा केला. घर बदलताना आपण कपाट सोबत नेतो, यांनी घरच सोबत नेलं!

आणि गंमत बघा, हे राज्य गेलं तेही लाकडावरूनच. ब्रह्मदेशच्या जंगलांतला साग जगात नावाजलेला. 'बर्मा टीक' हा शब्द तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. तिथला साग तोडायचा ठेका बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रजांच्या कंपनीकडे होता. जेवढे ओंडके तोडले, तेवढे दाखवले नाहीत आणि त्यावरचे पैसे बुडवले, असा ठपका ठेवून मंत्रिमंडळानं कंपनीला मोठा दंड ठोठावला. हे मंत्रिमंडळ म्हणजे जिथं आपलं सिंहासन ठेवलेलं होतं, तेच. इंग्रजांना हवं होतं ते निमित्त मिळालं. फ्रेंचांशी थिबाची जवळीक वाढते आहे, याचीही त्यांना धास्ती होतीच. १८८५ च्या नोव्हेंबरात त्यांच्या फौजा बोटींतून इरावती नदीनं वर चढल्या आणि पंधरा दिवसांत लढाई संपली.

राजाराणीला आवराआवरीला पुरता वेळही मिळाला नाही. साध्या बैलांच्या गाड्यांत बसवून त्यांना नदीवर नेलं. रस्त्याच्या कडेला माणसं रडत होती. राजाचं एक नामांकित माणिक होतं. ते सांभाळायला म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती दिलं, असं थिबा पुढं सांगत राहिला. त्यानं पत्रांवर पत्रं लिहिली. माणिक काही परत मिळालं नाही.

राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आधी मद्रासला आणि मग १८८६ च्या एप्रिलमध्ये जहाजानं रत्नागिरीला. ब्रह्मदेशापासून दूर आणि रेल्वेपासूनही दूर असं गाव इंग्रजांनी मुद्दाम निवडलं. परवानगीवाचून गाव सोडायचं नाही, वर पोलीस अधिकाऱ्याचा पहारा. राजाला चार मुली. थोरली पाच वर्षांची होती, धाकटीचा तर जन्मच रत्नागिरीचा. सरकार तनखा देई, पण राजाचा हात सढळ. कर्ज व्हायचं आणि मग जवळचे दागिने एकेक करून विकले जायचे. राजा पहिली चोवीस वर्षं बंगल्यांत राहिला. आपण बघतो तो राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. त्यासाठी साग आणला तो ब्रह्मदेशचाच! ज्या सागावरून राज्य गेलं, त्याच सागाच्या छपराखाली राजा झोपू लागला. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवताना मला हेच आठवत होतं. मुलांना मात्र त्या कठड्यावरून घसरायचं होतं.

आता आणखी एक योगायोग सांगते. रत्नागिरीला जाल तेव्हा टिळक आळीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान बघालच. टिळकांचा जन्म १८५६ चा, म्हणजे थिबापेक्षा ते तीनच वर्षांनी मोठे. १९०८ मध्ये इंग्रजांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि पाठवलं कुठं? मंडालेला! तिथला तुरुंग राजवाड्याच्या तटबंदीच्याच आत होता. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या राजाच्या अंगणात कैदेत. थिबा नव्या राजवाड्यात राहायला गेला, साधारण त्याच दिवसांत टिळक तिकडे लाकडी कोठडीत बसून 'गीतारहस्य' लिहीत होते. टिळक १९१४ मध्ये सुटून घरी आले. थिबा नाही सुटला. १९१६ च्या डिसेंबरात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो इथंच वारला.

राणीला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारनं नाही म्हटलं. दोनेक वर्षं वाट पाहून अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच त्याची समाधी झाली. त्याच साली राणीला ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली, तीही रंगूनला. मंडालेला नाही. १९२५ मध्ये ती तिथंच वारली.

आणि सिंहासन? ते इंग्रजांनी कलकत्त्याला नेलं आणि तिथल्या इंडियन म्युझियममध्ये ठेवलं. राजघराण्याची पिढीजात वस्तू परक्या गावात, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघायची! वाईट वाटतं ना? थांबा, पुढं ऐका. दुसऱ्या महायुद्धात मंडालेत इंग्रज आणि जपानी फौजांची लढाई झाली आणि १९४५ च्या मार्चमध्ये तो सगळा लाकडी राजवाडा जळून खाक झाला. उरलेली आठही आसनं गेली. वाचलं ते एकच, कलकत्त्याला नेलेलं. "म्हणजे नेलं ते बरंच झालं?" असं मला एका मुलीनं विचारलं. मी तिला म्हटलं, "ज्यांनी नेलं, त्यांनी काही ते वाचवायला नेलं नव्हतं." पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. तुमचं काय मत? घरी वडील माणसांशी बोलून बघा.

१९४८ च्या जानेवारीत ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्याच साली, भारताचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हस्ते ते सिंहासन ब्रह्मदेशाला परत मिळालं. आज ते यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, राष्ट्रीय संग्रहालयात मानानं उभं आहे.

आता मुलांनो, गोष्टीचा जो भाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो, तो सांगते. सिंहासन घरी गेलं, पण त्या सिंहासनावर बसलेल्या राजाची थोरली मुलगी गेली नाही. या थोरल्या राजकन्येचं मन राजवाड्यावरच्या एका मराठी दरवानाशी जुळलं आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. तिचं नाव टुटू. आईबरोबर राजकन्याही १९१९ मध्ये रंगूनला गेली होती, पण टुटूला घेऊन ती पुन्हा रत्नागिरीला परत आली. पाच वर्षांची असताना सोडलेला देश तिला परकाच वाटला असणार, दुसरं काय! गरिबीतच तिचे दिवस गेले आणि १९४७ मध्ये ती रत्नागिरीत वारली. पुढच्याच वर्षी सिंहासन रंगूनला पोचलं.

टुटूचं लग्न इथल्याच एका मोटारचालकाशी झालं. ती कागदी फुलं करून विकायची, शेणाच्या गोवऱ्या थापायची आणि मुलंबाळं सांभाळायची. बोलायची अस्खलित मराठी, बर्मी भाषा तिला येत नव्हती. बोडवपया राजाच्या घराण्यातली ही मुलगी रत्नागिरीत चारचौघींसारखी जगली आणि २००० साली वारली. तिचा वंश आजही इथं आहे. पण एक सांगून ठेवते, त्यांचं घर शोधत हिंडू नका हं! ती आपल्यासारखीच कामाधामाची माणसं आहेत.

सहलीतली मुलं टुटूची गोष्ट ऐकून जरा वेळ काहीच बोलली नाहीत. मग एकीनं विचारलं, "तिला आजोबांची काहीच वस्तू मिळाली नाही?" खरं सांगू? मला वाटतं, तो राजवाडाच तेवढा तिच्या डोळ्यांसमोर उभा होता, तोही सरकारचा.

राजवाडा बघून झाला की थिबाची समाधीही बघा. शिवाजीनगर भागात ती आहे. शेजारी त्याची धाकटी राणी विसावली आहे. ती सुपयालतची सख्खी बहीण, १९१२ मध्ये वारलेली. समाधी साधीच आहे. पुष्कळ वर्षं तिकडे कोणी फारसं फिरकत नसे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं येऊन नतमस्तक झाले. पुढं २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा म्यानमारहून त्याचे वंशज आणि तिथले मोठे अधिकारी आले आणि रीतसर धार्मिक विधी झाले. आपला शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर असाच रंगूनला कैदेत वारला, १८६२ मध्ये. त्याचा दर्गा तिकडे आहे. आपले पाहुणे तिकडे गेले की त्याच्यावर फुलं वाहतात, तिकडचे इथं आले की थिबाच्या समाधीवर.

संध्याकाळी थिबा पॉईंटला जायला विसरू नका. राजवाड्यापासून तो जवळच आहे. खाली भाट्याची खाडी, नारळीची झाडं, होड्या आणि समोर अथांग समुद्र. सूर्य पाण्यात बुडताना बघायला गर्दी होते, म्हणून जरा लवकर जाऊन जागा धरा. भेळ-कणसं मिळतात, पण कागद आणि कणसाचे बुरखुंडे मात्र पिशवीतून परत न्या.

आमची मुलं कठड्यापाशी रांगेनं उभी होती. कोणीतरी विचारलं, "राजाचं गाव कुठल्या बाजूला?" सगळ्यांनी समुद्राकडे बोटं केली. मी त्यांना नकाशातल्या दिशा आठवायला सांगितलं. मग एकेक जण हळूहळू मागं वळला. मंडाले समुद्राकडे नाही, पूर्वेला आहे. शहराच्या मागं, सह्याद्रीच्याही पार पलीकडे.